यशवंतरावांची दुसरी मगर

यशवंतराव खांबेटे यांनी आयुष्यात दोन प्राणी असे पाहिले, जे पाहिल्याचं घरच्यांनी कधी मानलं नाही. पहिला प्राणी सांगलीत, कृष्णेच्या घाटावर, वयाच्या सातव्या वर्षी. ती मगर होती. ते धापा टाकत घरी आले आणि सगळी आळी घाटावर घेऊन गेले. सगळ्यात पुढे थोरली बहीण कौमुदी, वय वर्षं अकरा. तिने परकर खोचला, पाण्यात उतरली आणि मगरीच्या पाठीवर उभी राहून म्हणाली, "ओंडका आहे."

तेव्हापासून खांबेट्यांच्या घरात न पटणाऱ्या कुठल्याही बातमीला 'यशवंताची मगर' म्हणतात. यशवंताला डॉक्टरेट मिळाल्याचं पत्र पुण्याला आलं, तेव्हाही एका आत्याने विचारलं होतं, "खरंच की मगर?"

दुसरा प्राणी लुडविग्सहाफेनला दिसला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

मधली सदुसष्ट वर्षं तशी सरळ गेली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला ते जर्मनीत आले, चौतीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात रंगांच्या प्रयोगशाळेत काढली आणि निवृत्त झाले. त्यांचं जर्मन प्रयोगशाळेतलं. द्रावण, गाळणी, उत्कलनबिंदू, गळती हे शब्द ते झोपेतही बरोबर लिंग लावून म्हणतील. प्रयोगशाळेबाहेरच्या लांबलचक जर्मन शब्दांसाठी त्यांचा एक सिद्धांत होता. "शब्दाचं इंजिन कळलं की झालं," ते म्हणत. "मागचे डबे मोजत बसायचं नसतं."

शुभदाकाकूंचं म्हणणं वेगळं. त्यांनी बावीस वर्षं एका बेकरीच्या काउंटरवर काढली होती आणि त्यांचं जर्मन इतकं अस्सल इथलं होतं, की हॅम्बुर्गहून आलेल्या माणसालाही ते कळत नसे. "अहो, या लोकांचं इंजिन मागे असतं," त्या सांगत. "शेवटपर्यंत ऐकावं लागतं." पण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यशवंतरावांनी काकूंचंही कुठलं वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

गावाबाहेर रेल्वेच्या रुळांलगत या दोघांचा भाड्याचा बागेचा तुकडा होता. जर्मन लोक त्याला श्रेबरगार्टन म्हणतात, काकू मळा म्हणत. तीनशे चौरस मीटर जमीन, एक लाकडी खोपी, घेवड्याचे वेल, पुदिना आणि बागवाल्यांच्या संघटनेची बत्तीस पानी नियमावली. कुंपण किती उंच, झाड किती उंच, दुपारी एक ते तीन कुठलं यंत्र चालवायचं नाही, सगळं त्यात होतं. संघटनेचे अध्यक्ष हेर केसलर खिशात मोजपट्टी घेऊन फिरत.

या मळ्यात कौमुदीताईंचा काही संबंध यायचं कारण नव्हतं. त्या न्यू जर्सीला. पण 'खांबेटे आणि मंडळी' नावाचा एक व्हॉट्सॅप ग्रुप होता, तेवीस माणसांचा, आणि त्यावर रोज दुपारी दोनला, म्हणजे ताईंच्या सकाळी आठला, एक व्हिडिओ येई. ताईंच्या परसातली पाखरांसाठी टांगलेली साखरपाण्याची लाल पाणपोई आणि तिच्याभोवती हवेत टांगल्यासारखा एक हिरवागार हमिंगबर्ड. खाली एक ओळ: 'आज तीन आले.' मग पुण्याहून, मुंबईहून, सांगलीहून 'वा ताई!', 'ताई ग्रेट!' आणि हात जोडलेली चित्रं.

यशवंतरावांनीही एकदा ऱ्हाइनकाठच्या बदकांचा फोटो टाकला होता. त्याला एक अंगठा आला. तोही काकूंचा.

आणि मग त्या जुलैत, फ्लॉक्सच्या गुलाबी गुच्छांसमोर, त्यांना तो दिसला. बोटाएवढा, करडा, पंखांत नारिंगी झाक, पंख इतके वेगात की नुसता धूसरपणा. हवेत जागच्या जागी थांबलेला आणि लांब चोच फुलात घातलेली.

"शुभदा! हमिंगबर्ड! हमिंगबर्ड!"

काकू घेवडा खुडत होत्या. त्या ओच्यात शेंगा धरून आल्या तेव्हा फक्त फ्लॉक्स होता.

"होता," यशवंतराव म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या.

"बरं काय? होता!"

"मी कुठे नाही म्हणतेय? होता. आता नाहीये. शेंगा धरा."

यशवंतरावांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत फ्लॉक्स छान आला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात एक करडा डाग. 'माझ्या बागेत हमिंगबर्ड आला,' त्यांनी लिहिलं.

दहा मिनिटांनी ताईंचं उत्तर आलं. 'युरोपात हमिंगबर्ड नसतात, यशवंता.'

आणि पुण्याचा पुतण्या उत्कर्ष याने काही न लिहिता एक छोटी हिरवी मगर टाकली. पाठोपाठ आणखी सहा मगरी आल्या. बेंगळुरूला असलेल्या यशवंतरावांच्या सख्ख्या मुलीने, देवश्रीने, आठवी टाकली.

त्या रात्री यशवंतराव जेवले नाहीत असं नाही, पण तूप वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या तुकड्यातल्या फ्राऊ वेन्त्स यांना गाठलं. बाईंचं वय अठ्ठ्याऐंशी, बागेतलं प्रत्येक पाखरू ओळखीचं. यशवंतरावांनी हातांनी पंख करून, ओठांचा चंबू करून, एका जागी फडफडून दाखवलं. बाईंचा चेहरा उजळला. "आख, टाउबेनश्वेन्त्सशेन!" त्या म्हणाल्या.

यशवंतरावांनी सिद्धांत लावला. टाउबे म्हणजे कबूतर. शेवटचं 'शेन' म्हणजे छोटंसं. मधे बाईंनी स्वतःचं वेन्त्स हे आडनाव का घातलं ते त्यांना जरा कळलं नाही, पण बागेत पहिल्यांदा बाईंनीच पाहिला असेल म्हणून घातलं असेल असं त्यांनी धरलं. आडनाव वजा केलं की उरतं टॉइब्शेन, छोटं कबूतर. तर हमिंगबर्डला हे लोक छोटं कबूतर म्हणतात!

"काय दरिद्री कल्पनाशक्ती," ते काकूंना म्हणाले. "एवढा रत्नासारखा पक्षी, आणि म्हणे कबूतर."

काकूंनी नाव विचारलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्या फोनवर होत्या.

ऑगस्टअखेरीला ताईंनी ओळखीतल्या गुरुदत्तबरोबर एक लाल पाणपोई पाठवली. गुरुदत्त मानहाइमला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ऑफिसच्या कामाला न्यू जर्सीला जाऊन आला होता. पाणपोईबरोबर चिठ्ठी होती: 'एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. येतोय का बघ. आला तर मी स्वतः बघायला येईन.'

"टोमणा आहे हा," यशवंतराव म्हणाले.

"पाणपोई आहे ती," काकू म्हणाल्या.

ताईंच्या वाट्या यशवंतरावांना मंजूर नव्हत्या. त्यांनी खोपीत तराजू आणला, मोजपात्र आणलं, आणि वीस टक्के, बावीस टक्के, पंचवीस टक्के अशी द्रावणं करून वहीत नोंदी ठेवल्या. वीस टक्क्यांना चौदा गांधीलमाश्या आल्या. बावीस टक्क्यांना एकतीस. पंचवीस टक्क्यांना आलेल्या मोजता आल्या नाहीत, कारण त्या फ्राऊ वेन्त्सच्या आलुबुखाराच्या केकवर गेल्या आणि बाई खोपीत शिरून दार लावून बसल्या. हमिंगबर्ड मात्र पाणपोईकडे ढुंकून बघत नव्हता. तो यायचा, फ्लॉक्सवर तीन सेकंद थांबायचा आणि जायचा. काकूंनाही तो दोनदा दिसला. चष्मा मात्र दोन्ही वेळा खोपीत होता.

ऑक्टोबरमध्ये तो यायचा थांबला. 'हमिंगबर्ड दक्षिणेला गेला,' यशवंतरावांनी ग्रुपवर कळवलं. ताईंनीही त्याच आठवड्यात लिहिलं होतं, 'आमचे मेक्सिकोला गेले.' यशवंतरावांना बरं वाटलं. निदान वेळापत्रक तरी जुळत होतं.

हिवाळ्यात करायला काही नव्हतं, म्हणून ते इतर पाखरांकडे वळले. इथे थंडीत पाखरांसाठी चरबीचे गोळे विकत मिळतात, जाळीत घालून फांदीला टांगायचे. यशवंतरावांना त्या गोळ्यांच्या घटकांविषयी शंका होती. त्यांनी घरीच घट्ट खोबरेल वितळवून ओट्स, सूर्यफुलाच्या बिया, दाणे घालून वळले. गोल, एकसारखे, पांढरट, प्रत्येक पंचाहत्तर ग्रॅम. थंड व्हायला डब्यात ठेवले. डबा काकूंचा डिंकाच्या लाडवांचा.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नरेंद्र आले होते. त्यांनी दोन खाल्ले.

"वहिनी, यंदा गूळ जरा कमी पडलाय," ते म्हणाले, "पण पौष्टिक वाटतायत."

काकूंनी डब्याकडे पाहिलं, यशवंतरावांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "यांनी वळलेत. खास थंडीसाठी." नरेंद्रांनी दोन बांधून नेले. त्यानंतर ते कुठेही भेटले की काकू आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी करत, आणि किती माया आहे वहिनींना, असं नरेंद्र सगळ्यांना सांगत.

मे महिन्यात बागवाल्यांच्या संघटनेची वार्षिक सभा झाली. शेवटी हेर केसलरनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. एरवी कोणी बोलत नाही, लोकांचं लक्ष बियरकडे असतं. यशवंतराव उभे राहिले. सेहेचाळीस वर्षांत प्रथमच ते सभेत बोलणार होते, त्यामुळे वाक्य घरून पाठ करून आले होते. काकू मागे सॅलडची भांडी गोळा करत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही.

यशवंतराव जर्मनमध्ये म्हणाले, "मी माझ्या बागेत छोट्या कबुतरांना खायला घालतो. गेल्या वर्षी एकच आलं. या वर्षी माझं उद्दिष्ट वीस आहे."

सभागृह गप्प झालं. यशवंतरावांना वाटलं, भारावले. ते नम्रपणे खाली बसले.

आता, त्या बागांमध्ये कबुतरं म्हणजे काय ते सांगायला हवं. नियमावलीचं एकोणिसावं पान पूर्ण कबुतरांवर होतं. त्यांनी खोप्यांची छपरं रंगवली होती आणि मागच्या वर्षी हेर केसलरच्या नव्या सोलर पॅनलची वीज निम्मी केली होती. कबुतरांना दाणा घालणं म्हणजे पहिल्यांदा लेखी सूचना, दुसऱ्यांदा जागा खाली.

लेखी सूचना जूनमध्ये आली. काकूंनी ती दोनदा वाचली.

"अहो, तुम्ही कबुतरांना खायला घालता असं लिहिलंय."

"छोट्या. हमिंगबर्डना. टॉइब्शेन."

"टॉइब्शेन म्हणजे कबूतर! साधं, छपरावरचं! कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"फ्राऊ वेन्त्सनी. त्या तर टाउबेन-वेन्त्स का काय म्हणाल्या. मी आडनाव काढलं."

काकू खुर्चीवर बसल्या. "टाउबेनश्वेन्त्सशेन म्हणाल्या का त्या?"

"तेच ते."

"श्वेन्त्सशेन म्हणजे शेपटी, अहो! कबूतर-शेपट्या! तुम्ही शेपूट कापलंत आणि नुसतं कबूतर नेलंत सभेत!" मग त्यांनी शेपटीसकट शब्द फोनवर टाकला. चित्र आलं. बोटाएवढा, करडा, पंखांत नारिंगी. "हाच ना?"

"हाच! बघ! म्हटलं नव्हतं?"

काकूंनी चित्राखालची ओळ वाचली, आणि फोन हळूच त्यांच्यासमोर ठेवला. तिथे एकच लहानसा शब्द होता, त्याला डबेही नव्हते. श्मेटरलिंग. फुलपाखरू. पतंगाची जात, दिवसा उडणारी, आल्प्स ओलांडून येणारी. ती चोच म्हणजे सोंड होती.

यशवंतरावांनी फोन उचलून चित्र मोठं करून पाहिलं. मग म्हणाले, "ओंडका."

"सांगून टाका वन्संना. हसतील आणि सोडून देतील."

"सांगेन," यशवंतराव म्हणाले. "ती येऊन गेली की सांगेन."

कारण ताईंनी तिकीट काढलं होतं. पुण्याला जाताना तीन दिवस फ्रँकफर्टला उतरणार होत्या. 'तुझा हमिंगबर्ड बघायलाच येतेय,' असं त्यांनी ग्रुपवर तेवीस माणसांच्या देखत लिहिलं होतं.

हेर केसलरनीही दुसरं पत्र पाठवलं होतं. कबुतरांच्या प्रकरणाची पाहणी शनिवार, दहा ऑगस्ट, सकाळी अकरा. ताई उतरणार होत्या शुक्रवारी.

शनिवारी कौमुदीताई फ्लॉक्ससमोर घडीच्या खुर्चीत बसल्या, एकोणऐंशी वर्षांच्या, पांढरे बूट, गळ्यात दुर्बीण. सांगलीच्या घाटावर होत्या तशाच ताठ. यशवंतराव त्यांच्या मागे उभे होते आणि पहिल्यांदाच मनापासून इच्छा करत होते, की तो येऊ नये. नाही आला तर निदान 'होता' म्हणता येईल.

अकराला हेर केसलर आले. हातात पॅड, खिशात मोजपट्टी. त्यांनी छपराकडे पाहिलं, जमीन पाहिली, लाल पाणपोईचा वास घेतला. "तर इथे कबुतरं जेवतात," ते जर्मनमध्ये म्हणाले.

"कबुतरं नाहीत," यशवंतराव जर्मनमध्ये म्हणाले. "शब्दाची चूक झाली. ते दुसरं आहे."

"दुसरं काय?"

यशवंतरावांनी ताईंकडे पाहिलं. ताईंना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. पण मधे श्मेटरलिंग म्हणायचं आणि नंतर त्याचा अर्थ विचारला तर?

"काय रे, काय म्हणतायत हे?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. कुंपणाचं."

"दुसरं काय, हेर खांबेटे?" केसलरनी पेन काढलं.

आणि तेवढ्यात तो आला. कुठून आला ते कुणालाच दिसलं नाही. फ्लॉक्ससमोर हवेत थांबला, सोंड फुलात, आणि या वेळी तीन सेकंदांत गेला नाही. एका फुलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, जणू पाहणी त्याचीच होती.

हेर केसलरचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "टाउबेनश्वेन्त्सशेन!" ते ओरडले. "आइन श्मेटरलिंग! या! या!" जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'.

"किती अगत्याचा माणूस आहे," ताई म्हणाल्या. "मघापासून या, या करतोय. बसायला सांग त्यांना. आणि श्मेटरलिंग म्हणजे काय?"

केसलर यशवंतरावांकडे वळले. "म्हणजे तुम्ही सभेत याच्याविषयी बोललात? फुलपाखराविषयी? हो की नाही?"

हो म्हटलं तर बाग वाचत होती आणि मगर बुडत होती. यशवंतरावांनी तोंड उघडलं.

"या," काकू खणखणीत आवाजात केसलरना म्हणाल्या, "तेच. माझ्या नवऱ्याला शब्दांची शेपटं कापायची सवय आहे." आणि त्याच दमात मराठीत, "हमिंगबर्डला इथे श्मेटरलिंग म्हणतात, वन्सं."

ताईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग खाली घेतली.

"आमच्याकडच्यापेक्षा बारीक आहे," त्या म्हणाल्या. "पण छान आहे हो."

केसलरनी पॅडवरचं पान फाडलं, लिंबाचं सरबत प्यायलं आणि जाताना पाणपोई तेवढी काढा म्हणाले, गांधीलमाश्यांमुळे. ताईंनी खुर्चीतूनच ग्रुपवर लिहिलं: 'यशवंताचा हमिंगबर्ड डोळ्यांनी पाहिला. इकडे त्याला श्मेटरलिंग म्हणतात.'

या योजनेत काकू एकच गोष्ट विसरल्या होत्या. आजकाल पुण्यात दर तिसऱ्या घरात कुणीतरी जर्मन शिकतं. चार मिनिटांत उत्कर्षच्या मुलीचा, शर्वाणीचा मेसेज आला: 'आजी, श्मेटरलिंग म्हणजे बटरफ्लाय. आमच्या दुसऱ्या धड्यातच आहे.' मग उत्कर्षने पतंगाची माहिती टाकली, चित्रासकट. मग मगरी. या वेळी अकरा.

यशवंतराव खोपीच्या पायरीवर फोन धरून बसले होते. ताई त्यांच्यापासून तीन हातांवर होत्या, आणि त्याही फोनमध्ये टाइप करत होत्या. एका बोटाने, सावकाश. मेसेज पडला.

'हमिंगबर्डच आहे. मी वीस वर्षं रोज बघतेय, मला कुणी शिकवू नये. - कौमुदी.'

ग्रुप चिडीचूप झाला. कौमुदीताईंनी एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं. अडुसष्ट वर्षांत त्या कधी चुकलेल्या नव्हत्या. मगरी थांबल्या. उत्कर्षने चित्र काढूनही टाकलं. यशवंतराव जिंकले होते.

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला आणि नवऱ्याकडे पाहिलं. यशवंतराव सुटलेले दिसत नव्हते. ते तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रयोगशाळेतला भाव आला होता, कुणीतरी बाटलीला चुकीची चिठ्ठी लावली की यायचा तो.

"अहो, राहू द्या," काकू हळूच म्हणाल्या.

"पण चूक आहे ते."

"असू दे चूक. तुमच्याच बाजूची चूक आहे."

"सहा पाय असतात त्याला, शुभदा!"

त्यांनी लिहिलं, खणाखणा: 'ताई, तुझी चूक होते आहे. तो पक्षी नाही, पतंग आहे. सहा पाय, सोंड, मिशा. शर्वाणीचं बरोबर आहे. - यशवंत.' आणि पाठवून दिलं.

तीन हातांवर ताईंचा फोन वाजला. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग त्यांचं बोट चालू झालं.

'बरोबर. माझी चूक.'

यशवंतराव उभे राहिले. फ्लॉक्सपर्यंत गेले, परत आले. "शुभदा! वाचलंस? ताई चुकली! लिहून दिलंय तिने! तेवीस जणांसमोर!" मग त्यांना फोन बंद पडेल अशी भीती वाटली आणि ते त्या मेसेजचा फोटो काढायला काकूंचा फोन शोधत खोपीत गेले.

बाहेर दोघी राहिल्या.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत माझे, शुभदा. वर ही दुर्बीण. मिशा मोजल्या मी त्याच्या." ताईंनी सरबताचा ग्लास उचलला. "म्हटलं, एकदा होऊ दे त्याची मगर खरी. तर हा शहाणा स्वतःच तिच्यावर उभा राहिला."

यशवंतराव दोन्ही हातांत एकेक फोन घेऊन बाहेर आले. "काय म्हणतेय ताई?"

"डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत म्हणतायत," काकू म्हणाल्या.

"तेच! मला केव्हाच शंका आली होती," यशवंतराव म्हणाले, आणि बहिणीच्या हाताला धरून, सावकाश, खड्डा दाखवत, तिला फ्लॉक्सपाशी घेऊन गेले. "नीट बघ आता. मी समजावून सांगतो."